पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाची ताकद वाढवताना: कामाला हात घालण्यापूर्वीचे नियोजन

हा लेख ज्यांच्याकडे फियाट ११००डी, प्रीमियर प्रेसिडेंट किंवा प्रीमियर पद्मिनी आहे आणि जे तिच्या इंजिनातून थोडी अधिक ताकद काढण्याचा विचार प्रथमच करत आहेत, त्यांच्यासाठी आहे. या कामातून मी स्वतः गेलो आहे. पुस्तिकांमध्ये सुट्या भागांची माहिती भरपूर मिळते, पण कोणते काम आधी करायचे आणि कोणते नंतर, हे सांगणारे कोणी भेटत नाही. पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा या क्रमाच्या गोंधळातच.

आधी इंजिनाची ओळख. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) हे माप फियाटच्या १९३७ च्या ५०८सी गाडीपासून चालत आले आहे. १९५३ च्या ११००/१०३ मध्ये ते कायम राहिले आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या गाड्यांमध्येही शेवटपर्यंत टिकले. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह, तीन मेन बेअरिंगांचा क्रँक आणि कागदावर सुमारे ४० अश्वशक्ती असा हा साधा संसार आहे. या रचनेत वाव नाही असे कोणी म्हणू नये. इटलीत याच इंजिनाचा बोअर ७२ मिलिमीटरपर्यंत वाढवून फियाटने १२२१ सीसीचे रूप काढले होते, आणि मोडेना येथील शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या स्तांगुएलिनी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला ज्युनियर शर्यतींसाठी हेच ११०० इंजिन घेऊन मूळच्या दुपटीहून अधिक ताकद काढली होती. मात्र शर्यतीचे इंजिन काही शर्यतींनंतर पुन्हा उघडून बांधायचे असते. आपल्याला पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत यायचे असते, हा फरक नियोजनाच्या प्रत्येक टप्प्यावर लक्षात ठेवावा लागतो.

१. प्रथम कागद: गाडी कोणत्या वाटेने न्यायची ते ठरवा

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी १० वर्षे चालते आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. यातील कळीची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि तिच्या चासिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरबदल करणारे मोठे काम झालेले नसावे. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच तिला बाहेर काढण्याची मुभा आहे.

म्हणजे १९७० च्या दशकातील गाडी असलेल्या माणसासमोर सरळ दोन वाटा आहेत. व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर इंजिनाची फक्त मूळ मापाने दुरुस्ती करा आणि हा लेख तिसऱ्या व चौथ्या टप्प्यापुरताच उपयोगात आणा. साधी नोंदणी ठेवून गाडी वापरायची असेल तर पुढे वाचा. पण दोन्ही एकदम साधता येतील अशी आशा धरू नका.

साध्या नोंदणीतही मोकळे रान नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा भाग) बदलणे, इग्निशन सुधारणे, व्हॉल्व्ह नीट बसवणे यांनी प्रमाणपत्रातला एकही रकाना बदलत नाही. इंजिन क्रमांक, सीसी आणि इंधनाचा प्रकार मात्र त्यावर छापलेले असतात. म्हणून प्रीमियरच्याच ११८एनई गाडीचे ११७१ सीसीचे निसान इंजिन उचलून पद्मिनीत बसवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये कितीही सहजपणे मिळाला, तरी आरटीओकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय तो मानू नये.

काम सुरू करण्यापूर्वी पुढील कागद एका फायलीत लावून घ्या:

- नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याची वैधता. पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण फॉर्म २५ वर होते आणि त्यासाठी गाडीची तपासणी होते, त्यामुळे मुदत जवळ आली असेल तर आधी ते उरकून घ्या.
- चालू विमा पॉलिसी आणि तिच्यातील फेरबदलाविषयीची अट.
- चालू पीयूसी प्रमाणपत्र आणि त्यावरील आकडे.
- इंजिन क्रमांक व चासिस क्रमांक यांची स्पष्ट छायाचित्रे.
- कारखान्याची दुरुस्ती पुस्तिका आणि सुट्या भागांची यादी. जुन्या बाजारात मिळेल तेव्हा घेऊन ठेवावी, कारण ती गरजेच्या वेळी हमखास मिळत नाही.

इंजिन क्रमांकाच्या छायाचित्राबद्दल एक सूचना. क्रमांक ब्लॉकवर असतो. बोअरिंगला दिलेला ब्लॉक ‘हा चालणार नाही, दुसरा देतो’ असे म्हणून बदलून मिळाला, तर गाडी कागदोपत्री वेगळ्याच इंजिनाची होते. ब्लॉक खरोखरच निकामी असेल तर तो तुम्ही स्वतः पाहून खात्री करा आणि त्याच बनावटीच्या दुसऱ्या इंजिनासाठी नोंदणी प्राधिकरणाची मान्यता घ्या.

२. कशासाठी हवे आहे, ते एका वाक्यात लिहून काढा

‘गाडी पळाली पाहिजे’ हे उद्दिष्ट नव्हे. टॉप स्पीडसाठी लागणारी शक्ती हवेच्या विरोधामुळे साधारण वेगाच्या घनाने वाढते. त्यामुळे ४० ची ५० अश्वशक्ती केली, म्हणजे सव्वापट शक्ती मिळवली, तरी टॉप स्पीड जेमतेम आठ टक्क्यांच्या आसपास वाढतो. याच खर्चात चढावर तिसऱ्या गिअरमध्ये टिकून राहणारी गाडी मिळत असेल, तर माझ्या मते ती अधिक उपयोगाची. खंबाटकीत किंवा बोरघाटात मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकत दुसऱ्या गिअरमध्ये रांगण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

त्यामुळे उद्दिष्ट असे लिहा: ‘चौघे जण बसून घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढावा, महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने तासभर तापमान न वाढता चालावे, आणि पीयूसी सुटावे.’ असे वाक्य लिहिले की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. मिनिटाला २,००० ते ४,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात खेच हवी, हे त्यातून उघड होते. मग ५,५०० च्या पुढे जागा होणारा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा दोन मोठे कार्बोरेटर यादीतून आपोआप गळतात.

३. इंजिन आज कोठे आहे ते मोजा

संपूर्ण नियोजनात मी सर्वाधिक महत्त्व या टप्प्याला देतो, आणि सर्वाधिक टाळाटाळ होते तीही याच टप्प्यावर. पन्नाशीच्या आसपासची पद्मिनी आज ४० अश्वशक्ती देत असेल, ही शक्यता फार कमी. झिजलेल्या रिंगा, जळालेल्या व्हॉल्व्ह सीट, सैल टाइमिंग चेन, हवा खाणारे कार्बोरेटरचे स्पिंडल आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये अडकलेली ॲडव्हान्सची (फेऱ्या वाढतील तशी ठिणगी लवकर पाडणारी) वजने यांनी तिच्यातली बरीच ताकद आधीच नेलेली असते. हरवलेली ताकद परत आणणे हे नवी ताकद विकत घेण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते, शिवाय ते कायद्याच्या चौकटीत पूर्णपणे बसते.

लागणारी साधने अशी आहेत: कॉम्प्रेशन गेज, कॉम्प्रेसर मिळत असल्यास लीक-डाऊन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारे यंत्र), व्हॅक्यूम गेज, टाइमिंग लाइट, फिलर गेज, टॉर्क रेंच, ऑइल प्रेशरचे यांत्रिक मीटर आणि एक वही. यातले टॉर्क रेंच व फिलर गेज स्वतःचे असावेत. बाकीची मागून आणली तरी चालतात.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग काढलेले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. चार सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. लीक-डाऊन चाचणीत हवा कोठून निसटते ते ऐकूनही कळते: कार्बोरेटरमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा तडा गेलेले हेड. गळती २० टक्क्यांच्या वर असेल तर ताकद वाढवण्याची चर्चा थांबवून इंजिन बांधण्याची तयारी करा.

इनटेक मॅनिफोल्डमधली पोकळी मोजणारे व्हॅक्यूम गेज ही स्वस्त आणि दुर्लक्षित वस्तू आहे. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर काटा दाखवते. उंचीवर दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी धरायचा असतो. मुंबईत पाहिलेला आकडा पुण्यात सुमारे दोन इंचांनी आणि महाबळेश्वरात चारहून अधिक इंचांनी खाली येतो, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसतो. उंचीमुळे ताकदही हजार फुटांमागे अंदाजे तीन टक्क्यांनी घटते. तेव्हा काम करण्यापूर्वीची व नंतरची तुलना एकाच गावात, एकाच चढावर करा.

हे सर्व आकडे तारखेसह वहीत लिहा. पुढे कोणी ‘आता बघा कशी पळते’ असे म्हणाला की त्याच्यासमोर ठेवायला काहीतरी हवे.

४. आधी थांबवा आणि थंड ठेवा

पद्मिनीचे वजन ९०० किलोच्या आसपास आहे आणि तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगातून थांबायचे असेल तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. घाट उतरताना ड्रम तापले की पॅडल कडक राहते पण गाडी थांबत नाही, ही अवस्था नव्या ताकदीसोबत अनुभवण्यासारखी नाही. म्हणून व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज, लायनिंग आणि ड्रमची गोलाई हे सर्व इंजिनाच्या आधी हातावेगळे करा. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या. ते हवेतील ओलावा शोषते आणि कोकणातल्या पावसाळ्यानंतर त्याचा उत्कलनबिंदू बराच खाली आलेला असतो.

कूलिंगच्या बाबतीत एक सापळा सार्वत्रिक आहे. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) नसलेले इंजिन थंडीत व पावसाळ्यात योग्य तापमानाला पोहोचतच नाही, मग पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, चिखल साचतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापत असेल तर कारण चोंदलेल्या रेडिएटरमध्ये, झिजलेल्या वॉटर पंपमध्ये किंवा ब्लॉकमध्ये साचलेल्या गंजात शोधा. ब्लॉकवरील वेल्च प्लग (पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचे) काढून आतला गंज धुऊन घेतला की बऱ्याच गाड्यांचा आजार तिथेच संपतो. ॲल्युमिनियमच्या हेडसाठी साधे नळाचे पाणी घालू नका. गंजरोधक कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून वापरा.

५. हेड आणि कॉम्प्रेशन रेशो

या इंजिनात खर्चाच्या मानाने सर्वात जास्त फळ देणारे काम हेडवर होते. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची सिलिंडरमधली जागा यांचे गुणोत्तर) मुद्दाम कमी ठेवलेला होता. आजचे पेट्रोल त्याहून चांगले आहे, म्हणून रेशो माफक वाढवायला जागा आहे. माफक म्हणजे ८.५ च्या आसपास. त्यापुढे जाण्याचा मोह आवरा, कारण उन्हाळ्यात भरलेल्या गाडीने घाट चढताना नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू झाले तर ते तीन मेन बेअरिंगांच्या क्रँकला आणि पिस्टनला सोसत नाही.

हिशेब अंदाजाने करायचा नाही. एका सिलिंडरचे आकारमान ६८ व ७५ मिलिमीटरच्या मापाने २७२.४ सीसी येते. रेशो ७.८ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ४०.१ सीसी असते, ८.५ हवा असेल तर ती ३६.३ सीसी करावी लागते. म्हणजे ३.८ सीसी कमी करायची. हेडच्या चेंबरच्या तोंडाचे क्षेत्रफळ कागदावर छाप घेऊन काढा. ते समजा ३२ चौरस सेंटिमीटर भरले, तर एक मिलिमीटर घासल्याने ३.२ सीसी कमी होतात, आणि तुम्हाला सुमारे १.२ मिलिमीटर घासावे लागेल. हे आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी आहेत. तुमचे हेड यापूर्वी किती वेळा घासले गेले आहे हे कोणालाच माहीत नसते, म्हणून चेंबरचे आकारमान ब्युरेट (मापाच्या खुणांची काचेची नळी), पारदर्शक प्लास्टिकची चकती आणि पातळ तेल वापरून प्रत्यक्ष मोजणे अपरिहार्य आहे. त्यात दाबलेल्या गॅस्केटची जाडी आणि पिस्टन वर असताना ब्लॉकच्या पातळीपासून किती खाली राहतो, तेही मिळवा. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या फरकात आणले तर आयडलिंगला इंजिन किती मऊ चालते, ते पाहून आश्चर्य वाटेल.

हेड घासण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. हेड वाकले आहे का, ते सरळपट्टी व ०.०५ मिलिमीटरच्या पातीने पाहा. त्याला तडा आहे का, ते दाबाने पाणी भरून पाहा. आणि पुरेशी जाडी शिल्लक आहे का, ते पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहा. घासल्यानंतर पुशरॉड तेवढेच लांब राहतात आणि हेड मात्र खाली येते. त्यामुळे रॉकरचा कोन बदलतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून, हेड तात्पुरते बसवून, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि दाबलेल्या मातीची जाडी मोजा. इनटेकखाली १.५ आणि एक्झॉस्टखाली २ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर मी स्वीकारणार नाही.

व्हॉल्व्ह सीटचाही विचार याच वेळी करा. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. शिसे सीटला एक प्रकारचे संरक्षण देत असे. ते गेल्यावर मऊ सीट खोल जाऊ लागतात आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स पुन्हा पुन्हा कमी होतो. एक्झॉस्टला कठीण सीट बसवून, तीन कोनांत कापून घेतल्या की हा प्रश्न मिटतो. पोर्ट घासण्याबाबत मात्र हात आखडता घ्या. गॅस्केटशी न जुळणाऱ्या कडा आणि सीटखालची पायरी काढणे पुरेसे आहे. पोर्ट रुंद केला की कमी फेऱ्यांवरचा हवेचा वेग पडतो आणि घाटातली खेच जाते.

६. कार्बोरेटर आणि आजचे इथेनॉलचे पेट्रोल

शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला १३.५ पट पुरते. याचा अर्थ, शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला जेट आजच्या पंपावरील पेट्रोलवर आठ-नऊ टक्के पातळ (इंधन कमी, हवा जास्त) मिश्रण देतो. गाडी आधीच पातळ चालत आहे, आणि त्यावर तुम्ही कॉम्प्रेशन वाढवले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला वेळ लागत नाही. मेन जेटचा क्रमांक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो आणि इंधनाचे प्रमाण व्यासाच्या वर्गानुसार बदलते. म्हणून १२० क्रमांकाच्या जेटऐवजी १२५ बसवला की इंधन साडेआठ टक्क्यांनी वाढते. तुमच्या कार्बोरेटरमधला मूळ क्रमांक कोणताही असो, हिशेब हाच. जेटचे भोक तारेने किंवा ड्रिलने मोठे करून देणाऱ्याला थांबवा. नवा क्रमांकित जेटच वापरा.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि पितळ-जस्ताच्या भागांवर ओल धरून पांढरी बुरशीसारखी पूड तयार करते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबरी पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचे घाला. यांत्रिक पंपाचा डायफ्रामही इथेनॉल सोसणारा हवा. तो फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते, म्हणून डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का हे अधूनमधून पाहावे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

मोठा कार्बोरेटर हवाच का? मूळचा एका बॅरलचा कार्बोरेटर स्पिंडलला बुश घालून, फ्लोटची पातळी लावून आणि इनटेक मॅनिफोल्डची गळती थांबवून नीट केला, तर वर लिहिलेल्या उद्दिष्टासाठी तो पुरतो. गॅरेजमध्ये दुसऱ्या लहान गाडीचा कार्बोरेटर पट्टी जोडून बसवून देण्याची पद्धत आहे. त्याने ॲव्हरेज वाढल्याचा भास होतो, कारण मिश्रण आणखी पातळ झालेले असते. पुढे जाऊन दोन बॅरलचा कार्बोरेटर घालायचाच असेल, तर पहिला बॅरल लहान आणि दुसरा उशिरा उघडणारा असा निवडा, आणि मिश्रण मोजण्यासाठी एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवून मगच जेट ठरवा. मीटर ‘लॅम्बडा’ या एककात वाचा (१ म्हणजे अचूक प्रमाण, त्याहून कमी म्हणजे जाड मिश्रण). पूर्ण ॲक्सिलरेटरवर ०.८६ ते ०.८८ दिसले पाहिजे. हवा-इंधन प्रमाणाचा आकडा शुद्ध पेट्रोल गृहीत धरून दाखवला जातो, त्यामुळे इथेनॉलच्या पेट्रोलवर तो नवख्याला गोंधळात टाकतो.

७. इग्निशन

काम छोटे, परिणाम मोठा. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलत असेल तर पॉइंटचे अंतर कधीच स्थिर राहत नाही. आधी बुश बदला. नंतर पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवायला हरकत नाही, मात्र जुने पॉइंट व कंडेन्सर डिकीत असू द्या. टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुस्तिकेतील आकड्यापासून सुरू करा आणि एका वेळी दोनच अंश हलवा. कॉम्प्रेशन वाढवल्यावर टाइमिंग पुढे नेण्याऐवजी थोडे मागे घ्यावे लागू शकते. भरलेल्या गाडीने, तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, खिडक्या उघड्या ठेवून नॉकिंग ऐका. सपाटीवर एकट्याने चालवून काही कळत नाही.

८. बोअर, कॅम, एक्झॉस्ट: अपेक्षा आवरा

‘ओव्हरसाइज पिस्टन टाकले की ताकद वाढते’ हे अर्धसत्य आहे. बोअर ६८ चा ६९ केला तर १०८९ चे ११२२ सीसी होतात, म्हणजे तीन टक्के. झिजलेला सिलिंडर नीट करण्यासाठी बोअरिंग करावे, ताकदीसाठी नको. इटालियन ७२ मिलिमीटरचा दाखला देऊन कोणी तुमच्या ब्लॉकमध्ये तेवढे कापायला निघाला, तर भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक मापकाने मोजून दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. तेवढे मोठे सीसी कलम ५२ च्या कक्षेत येतात, ते वेगळेच.

कॅम घासून नवे प्रोफाइल देणारे कारागीर आहेत. पण घासलेल्या कॅमचा मूळ व्यास कमी होतो आणि पुशरॉडची लांबी त्यानुसार बदलावी लागते. कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे टॅपेटही नव्याने घासून घ्यावे लागतात. घाटाचे उद्दिष्ट असेल तर मूळ कॅम चांगल्या अवस्थेत, नव्या चेनसह, अचूक अंशांवर बसवणे हेच मी सुचवेन.

एक्झॉस्टला चार-दोन-एक धाटणीचे (चार नळ्या आधी दोनांत, मग एकात मिळणारे) मॅनिफोल्ड करून घेतल्यास मधल्या पट्ट्यात थोडा फायदा होतो. आवाज वाढवणारा सायलेन्सर मात्र फक्त पोलिसांचे लक्ष वेधतो.

खालच्या भागात ताकदीपेक्षा टिकाऊपणासाठी खर्च करा. पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांची वजने दोन ग्रॅमच्या आत जुळवा, क्रँक फ्लायव्हील व क्लचसह बॅलन्स करून घ्या, ऑइल पंपाची अंतरे तपासा. ७५ मिलिमीटरच्या स्ट्रोकवर ५,५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३.७५ मीटर होतो. रोजच्या रस्त्यासाठी ही वरची मर्यादा समजावी.

९. लेथवाल्याला काम देताना

तोंडी सांगितलेले काम तोंडीच राहते. प्रत्येक भागासाठी मोजलेले माप, हवे असलेले माप आणि चालणारा फरक असे तीन रकाने कागदावर लिहून द्या व एक प्रत स्वतःकडे ठेवा. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंगला ब्लॉक देऊ नका, कारण पिस्टनचे प्रत्यक्ष माप घेऊनच क्लिअरन्स ठरतो. आणि हल्ली पिस्टन हातात यायला वेळ लागतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या, आणि सुट्या भागांची मागणी टिकवून धरणारे मोठे गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर गेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुना पण न वापरलेला माल अजून सापडतो. तिथे जाताना मायक्रोमीटर सोबत न्या, कारण खोक्यावरचे माप आणि आतला पिस्टन यांची भेट झालेलीच असेल असे नाही. दहा वर्षे पडून राहिलेले रबरी सील व गॅस्केट नव्या खोक्यात असले तरी घेऊ नका.

अंदाजपत्रकाच्या एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा. इंजिन उघडल्यावर निघणाऱ्या गोष्टी कोणत्याही यादीत नसतात.

१०. पहिला स्टार्ट, रन-इन आणि पुन्हा मोजमाप

नव्या कॅम-टॅपेटसह बांधलेले इंजिन सुरू करताना आधी प्लग काढून स्टार्टरने फिरवा, ऑइल प्रेशर मीटरवर दिसू द्या. सुरू झाल्यावर वीस मिनिटे २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवा. लगेच आयडलिंगवर सोडले तर कॅमला ऑइल पुरत नाही. ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० खनिज प्रकारचे घ्या. आजच्या गाड्यांची अतिपातळ ऑइले या सपाट टॅपेटांसाठी नाहीत. त्यांच्यातील जस्त-फॉस्फरसचे प्रमाण कमी असते. पहिले ऑइल ५०० किलोमीटरला बदला, आणि गॅस्केट पुन्हा कसायचा असेल तर हेडचे नट थंड इंजिनावर क्रमाने टॉर्क रेंचनेच कसा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स त्यानंतरच पाहा, कारण हेड कसल्यावर तो बदलतो.

रन-इन (नवे भाग एकमेकांत नीट बसेपर्यंतचे सावकाश चालवणे) झाल्यावर तिसऱ्या टप्प्यातील प्रत्येक चाचणी त्याच गावात, त्याच गेजने पुन्हा करा. पीयूसी केंद्रावर जाताना इंजिन पूर्ण गरम असू द्या. या वयाच्या पेट्रोल गाड्यांसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम ही मर्यादा आहे. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी दिसले तर मिश्रण जाड करण्याआधी प्लगचा स्पार्क व मॅनिफोल्डची गळती तपासा. दोन्ही जास्त असतील तर आयडल स्क्रू आणि फ्लोटची पातळी पाहा. केंद्रावरचा माणूस स्क्रू फिरवून आकडे जुळवून देऊ लागला तर त्याला नको म्हणा, स्वतः फिरवा, किती फेरे फिरवले ते वहीत लिहा, आणि त्याच सेटिंगवर एकदा घाट चढून या.